‘म’च्या पुढची बावीस मिनिटं

वनिताताई,

तुमचं तेरावं झाल्यानंतरच्या सोमवारी मी शाळेतल्या कम्प्युटर रूमचं कुलूप उघडलं आणि आत न जाता दारातच उभी राहिले. आत कुणीतरी बोलत होतं. अगदी बारीक आवाजात, तोंडावर पदर धरून बोलावं तसं. शनिवारी कुणीतरी पंखा चालू ठेवून गेलं होतं, त्याचा तो आवाज. हे मला लगेच कळलं. मी पंखा बंद केला. तरीही कान देऊन तिथंच उभी राहिले, कारण पंखा थांबला तेव्हा बोलणं थांबलं असं मला वाटलं नाही.

तेव्हापासून हे चाललंय. भाजी निवडताना, हजेरी घेताना, सोसायटीच्या जिन्यात. तुम्ही बोलू लागता आणि काय म्हणताय ते कळायच्या आत गप्प होता. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण मी तुमच्याशी एक खोटं बोलले आहे, ताई, आणि ते कबूल करावं तर समोर तुम्ही नाही. म्हणून लिहिते.

नववीच्या पोरांना आंतरशालेय स्पर्धेसाठी दहा मिनिटांची फिल्म करायची होती. मी मराठी शिकवते, फिल्मचं मला ओ की ठो कळत नाही. पण दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून काम माझ्याकडे आलं. विषय पोरांनीच काढला: आपल्याकडे पाणी कुठून येतं. वर्गातली अर्धी मुलं नायगावच्या नव्या टॉवरमधली, टँकरची वाट बघणारी. अर्धी तुमच्या जूचंद्र गावातली, ज्यांच्या विहिरींवर ते टँकर भरतात. मी स्वतः टॉवरमधली. माझ्याच बिल्डिंगमधली श्रावणी गटात होती, आणि तुमची हर्षला.

शाळेत कम्प्युटर आठ. त्यांतले तीन सुरू होतात आणि एकावर एडिटिंग चालतं, तेही त्याची मर्जी असली तर. कॅमेरा म्हणजे माझा फोन. स्टँड म्हणजे बाकावर ठेवलेला बाक, त्यावर कंपासपेटी, आणि फोन घसरू नये म्हणून श्रावणीच्या केसांचा रबर. हेडफोन एकच होता, त्याचा उजवा कान मेलेला. पोरं आळीपाळीनं मान तिरकी करून डाव्या कानानं ऐकायची. मध्येच लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणून हर्षलानं हाताला सवयच लावून घेतली होती, एक कट मारायचा की लगेच सेव्ह.

ती या कामात सगळ्यांच्या पुढे होती, हे तुम्हाला मी कधी सांगितलं का? तुम्ही विचारायचात, ‘पोर तरास नाय ना देत?’ आणि मी ‘नाही, नाही’ म्हणून मोकळी व्हायचे. तिला कुठं कापायचं ते आपोआप कळायचं. मी एकदा विचारलं, ‘तुला कसं समजतं गं?’ तर म्हणाली, ‘टीचर, बोलणारा माणूस डोळे मिटतो ना, तिथं कापायचं. मग कुणाला कळत नाही.’

तुमची मुलाखत विहिरीवर घेतली. प्रश्न श्रावणीनं विचारले, कारण हर्षला म्हणाली की ती फक्त फोन धरेल. तुम्ही कठड्याला टेकून कितीतरी बोललात, हातवारे करून, मध्ये एकदा पोहऱ्याला शिवी घालून. पोरं खूश होऊन शाळेत आली. हेडफोन लावला तर तुमचे ओठ हलताहेत आणि आवाज सगळा टँकरच्या मोटरचा. एक शब्द हाती लागला नाही.

‘आवाज परत भरू. वनिताताईंना शाळेत बोलवू,’ मी म्हणाले. सगळे गेल्यावर हर्षला माझ्याजवळ आली.

‘टीचर, आईला नीट बोलायला सांगाल?’

‘नीट म्हणजे?’

‘म्हणजे… तुमच्यासारखं. ते परीक्षक हसतील.’

मी तिला तिथंच समोर बसवून चार गोष्टी सांगायला हव्या होत्या. मी म्हटलं, ‘बघते.’ आणि त्याच संध्याकाळी तुमच्यासाठी एक कागद लिहून काढला. ‘आम्हाला पाणी आणण्यासाठी दूरवर जावे लागत असे. गावातील विहिरी हेच आमचे जीवन होते.’ असा.

हे मी का केलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं. मी फलटणकडच्या खेड्यातली. डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात ‘म्या न्हाई बा’ म्हणाले आणि सबंध वर्ग खिदळला. त्यानंतर मी माझी भाषा अशी घासून घेतली की माझी सख्खी आई फोनवर मला ‘काय मॅडम’ म्हणायची. ती ते थट्टेनं म्हणते असं मी वीस वर्षं धरून चालले. हर्षलाच्या चेहऱ्यावर मला तीच भीती दिसली, एका नजरेत ओळखू आली. आणि ओळखल्यावर मी काय केलं, तर कागद लिहिला.

शनिवारी दुपारी तुम्ही भाकऱ्यांची ऑर्डर पोचवून थेट शाळेत आलात. बोटांच्या पेरांना तांदळाचं पीठ तसंच. मी खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून घरची एक गोधडी दारावर. पोरांना बाहेर पिटाळलं; व्हरांड्यात कुणी धावू नये यासाठी पहारा. हर्षला तर आपणहून पार गेटपाशी जाऊन उभी राहिली. कानात घालायच्या वायरचा माइक फोनच्या व्हिडिओवरच चालायचा, म्हणून फोन व्हिडिओ लावूनच कंपासपेटीला टेकवला. त्यात तुमची हनुवटी दिसत होती, गळ्यातली काळी पोत, आणि बाकावरचे दोन्ही हात.

तुम्ही कागदावर बोट ठेवत ठेवत वाचलंत आणि वर पाहिलंत.

‘ह्या कोनाचा बोलना हाय, बाई?’

‘तुमचंच. जरा सगळ्यांना कळेल असं केलंय.’

‘मंग तुमीच बोला ना. तोंड माझा दावा नि आवाज तुमचा लावा.’

तुम्ही हसलात म्हणून मीही हसले. मग मी समजावू लागले. स्पर्धा आहे, बाहेरचे परीक्षक आहेत, मुलांचं नुकसान नको. तुम्ही म्हणालात, ‘आमच्या विरारचे परीक्षक असतील तर त्यांना नाय कलनार आमचा?’ ‘मुलांनी खूप मेहनत घेतलीय हो,’ एवढंच मी म्हटलं. ‘बरा,’ तुम्ही म्हणालात. तो वाद तिथंच राहिला. माझ्या पदरात तुम्ही जिंकू दिलेला एक वाद आहे, आणि मी तो रोज हरते.

तुम्ही तो कागद तीनदा वाचलात. तिसऱ्या वेळी एकही चूक झाली नाही. झालं, अशी मी हातानंच खूण केली. तुम्ही कागदाची घडी केलीत, बाकाच्या कोपऱ्यावर सारलीत. वायर कानात तशीच. फोन चालू. आणि समोरच्या भिंतीकडे बघत तुम्ही म्हणालात, ‘मना…’

बावीस मिनिटं बोललात. विहिरीबद्दल नाही, हर्षलाबद्दल. मी थांबवलं नाही. मला वाटतं, तुम्ही माझ्याशीही बोलत नव्हतात. शेवटी पदरानं तोंड पुसलंत आणि फोनकडे लक्ष गेलं.

‘चालू हाय का ह्यो?’

‘हो.’

‘अरं देवा. ह्या कारून टाका, बाई. पोरीनं आयकाचा नाय.’

‘काढते,’ मी म्हणाले.

कागदाच्या वाचनातली दोन मिनिटं मी स्वतः कापून वेगळी केली. हर्षलाच्या हाती मूळ फाइल द्यायची नव्हती, म्हणून. मला कापायची सवय नाही, कसंबसं केलं. मोठी फाइल ‘वनिताताई पूर्ण’ या नावानं एका कोपऱ्यात ठेवून दिली.

गुरुवारी चारपर्यंत फिल्म पाठवायची होती. दुपारी पोरं डबा खायला गेली आणि मी तयार फिल्मची एक सलग फाइल करायला लावली. डिस्कवर जागा नाही, असं कम्प्युटर सांगत राहिला. फोनमधलं कम्प्युटरवर घेतलं की फोन रिकामा करायचा, हा आमचा नियम होता, नाहीतर पुढचं शूटिंग झालंच नसतं; त्यामुळे कुठलीच गोष्ट दोन ठिकाणी नव्हती. पेनड्राइव्ह ऑफिसचा, परीक्षेच्या कागदांनी गच्च. मी सगळ्या फाइली आकारानं लावल्या. सगळ्यांत वर होती ती ‘वनिताताई पूर्ण’.

मी नाव वाचलं होतं, ताई. हे मुद्दाम सांगते. चुकून गेलं, असं मी पुढे डिस्क दुरुस्त करणाऱ्याला सांगितलं, ते खरं नाही. मी नाव वाचलं, आणि मनात म्हटलं, त्यांनीच तर काढा म्हटलंय. कायमचं काढायचं का, असं कम्प्युटरनं विचारलं. मी हो म्हटलं. पोरं डबा खाऊन परत आली तोवर फिल्म तयार होऊन पडली होती. सगळे टाळ्या वाजवून नाचले. मीही.

फिल्मला उत्तेजनार्थ मिळालं. शाळेनं पालकांना बोलावून हॉलमध्ये दाखवली. तुम्ही शेवटच्या रांगेत होतात, हिरवी साडी. पडद्यावर विहीर, टँकर, तुमचे हात, आणि वर तुमचा आवाज: ‘दूरवर जावे लागत असे.’ शेजारची बाई तुम्हाला कोपरानं ढोसून म्हणाली, ‘वनिता, केवरी शुद्ध बोलतंस गो!’ तुम्ही हसलात. हर्षला तुमच्या दोन रांगा पुढे बसली होती. ती मागे वळून हसली. इतकं मोकळं हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला वाटलं, आपण बरोबरच केलं.

गेटपाशी तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात.

‘बाई, ता माझा… त्या दिवशीचा. टाकला का हाय?’

मी क्षणभरही थांबले नाही. ‘आहे ना. ठेवलंय जपून.’

‘बरा केला.’ तुम्ही मान हलवलीत. ‘मी घरी जाऊन इचार केला. दहावी होऊ दे तिची. मंग आयकवा तिला. माझ्या तोंडानं मना जमाचा नाय.’

तेव्हा सांगता आलं असतं. तुम्ही चिडला असतात, चार शब्द सुनावले असतेत, आणि पुढच्या शनिवारी परत येऊन बसला असतात. गोधडी घरातच होती. फोन माझ्या हातातच होता. मी ठरवलं, काहीतरी निमित्त काढून परत बोलावू. जानेवारीत हळदीकुंकवाला तुमच्या घरी आले. तुम्ही माझ्या हातावर तिळगूळ ठेवताना हलकेच विचारलंत, ‘हाय ना?’ आणि मी म्हटलं, ‘हो.’

मार्चमध्ये तुम्हाला तीन दिवस ताप. चौथ्या दिवशी सकाळी श्रावणीची आई दारात येऊन उभी राहिली.

मी डिस्क काढून स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. माणूस भला होता, दोन दिवस खटपट केली. म्हणाला, ‘मॅडम, डिलीट झालेलं कधी कधी मिळतं. पण याच्यावर लगेच दुसरं लिहिलं गेलंय. त्याच जागेवर.’ मी विचारलं, ‘काय लिहिलं गेलंय?’ त्यानं पडदा माझ्याकडे फिरवला. आमची फिल्म होती. तुमच्या बावीस मिनिटांवर तुमचीच दोन मिनिटं बसली होती, माझ्या भाषेतली.

आणि आता तेवढंच आहे. तुमचा फोन बटणांचा. घरातल्या लग्नाच्या व्हिडिओत तुम्ही भाकऱ्या वाढताना दिसता, पण वर बँड वाजतोय. तुमचा बोलता आवाज या जगात एकाच जागी आहे, आणि तिथं तुम्ही माझा कागद वाचताय.

हर्षला शाळेत येऊ लागली. कुणाशी बोलेना. मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन हात पुढे करायची, मी कम्प्युटर रूमची किल्ली द्यायचे. ती फिल्म बघायची नाही, पडदा बंद करून नुसतं ऐकायची. मान डावीकडे तिरकी. मी दारातून बघायचे आणि निघून जायचे. तुम्ही मागे उभ्या आहात आणि दोघींकडे बघताय, असं त्या खोलीत मला नेहमी वाटायचं. वळून मात्र मी पाहिलं नाही.

एका गुरुवारी तिनं मला आत बोलावलं.

‘टीचर, इथं काहीतरी आहे.’

तिनं हेडफोन माझ्या कानाला लावला. ‘…हेच आमचे जीवन होते,’ तुम्ही म्हणालात. मग कागदाची किंचित सळसळ. मग अगदी शेवटी, विहिरीचं चित्र संपता संपता, एक अर्धा आवाज. ‘म’.

हा अर्धा आवाज हॉलमध्ये दोनशे लोकांसमोर वाजला होता. स्पर्धेत वाजला होता. कुणाला कळला नव्हता.

‘माइकची खरखर असेल,’ मी म्हणाले.

‘नाही. आईनं तोंड उघडलंय. आधी श्वास घेतलाय, बघा.’ तिनं पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. ‘कट उशिरा मारलाय. कुणी कापलं हे?’

‘मी.’

‘पुढचं कुठंय?’

‘पुढे काही नव्हतं गं.’

ती रडत नव्हती. ‘काही नसतं,’ ती म्हणाली, ‘तर कापायला लागलं नसतं, टीचर.’

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी जूचंद्रला तुमच्या घरी गेले. रिक्षातून उतरून दोनदा परत फिरले. तुमची अट मला आठवत होती: दहावीनंतर. तुम्ही गेल्यावर अट पाळायची की मोडायची, हे विचारायला माझ्याकडे कुणी नव्हतं.

ती ओट्यापाशी भाकरी थापत होती. ऑर्डर घेणं तिनं बंद केलेलं नाही, हे तुम्हाला कळायला हवं. वडील कामावर गेले होते. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. कागदापासून. डिस्कवर जागा नव्हती ते, मी नाव वाचलं ते, गेटपाशी तुम्ही विचारलंत आणि मी काय म्हटलं ते. ती थापत होती. तव्यावरची भाकरी करपू लागली. वास आला तरी तिनं उलटली नाही.

‘तुम्ही आईला खोटं सांगितलंत.’

‘हो.’

‘आणि परवा मला.’

‘हो.’

तिनं गॅस बंद केला. हात धुतले, कोपरापर्यंत. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली.

‘काय म्हणत होती?’

मी आठवू लागले. ‘म्हणाल्या, मला सातवीतून काढलं. पाणी आणायला घरात कुणी नव्हतं…’

‘मना,’ हर्षला म्हणाली.

‘काय?’

‘आई “मला” नाही म्हणायची. “मना सातवीतून कारली. पानी आनाला घरान कोन नव्हता.” असं म्हणाली असेल.’

‘हो. असंच.’

‘मग तसं सांगा.’

मला तसं सांगता येईना. मी माझ्यातलं सांगत गेले आणि ती एकेक वाक्य घेऊन ते तुमच्यात फिरवत गेली. सुरुवातीला हळूहळू, शब्द चाचपून. मग माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. तुम्ही म्हणाला होतात, पोरगी पालकांच्या मीटिंगला म्हणते ये पण बोलू नको. मला राग नाही. मी मीटिंगला बाईंचं ऐकायला जातच नाही, ती बसते त्या बाकावर अर्धा तास बसायला मिळतं म्हणून जाते. हे वाक्य हर्षलानं फिरवलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

‘मी बोलले होते तिला,’ ती म्हणाली. ‘सहावीत. आधी बोलले येऊच नको. मग ती जेवली नाही, म्हणून बोलले, ये, पण गप्प बस.’

मी पुढचं सांगू की नको, अशा पेचात पडले. तिनंच विचारलं, ‘पुढे?’

पुढचं मला शब्दन् शब्द आठवत होतं, कारण तेव्हा तुम्ही वायर बोटाला गुंडाळत होतात आणि मी तुमच्या बोटांकडे बघत होते. तुम्ही म्हणालात, माझ्यासारखी बोलू नये म्हणून मी तिला शाळेत घातली. आता ती माझ्यासारखी बोलत नाही, तर घरात माझ्याशी बोलायला कुणी नाही.

हर्षलानं ते तुमच्या बोलीत म्हटलं. इथं लिहीत नाही. माझ्या हातून पुन्हा बिघडेल. इतकंच सांगते, की ती म्हणत असताना मी डोळे मिटून घेतले. आवाज जरा कोवळा होता. बाकी तुम्हीच होतात. ‘नाय’ म्हणताना तुम्ही जो हेल काढायचात, तो हेल. मला वाटलं होतं, या मुलीनं ही बोली टाकून दिली. तिनं ती एकही शब्द न सांडता तोंडात धरून ठेवली होती.

पण बावीस मिनिटांतली सात-आठच मला आठवली. ‘आणि?’ ती विचारायची. ‘आठवत नाही,’ मी म्हणायचे. ‘आठवा ना.’ मी खरंच प्रयत्न केला, ताई. मध्ये तुम्ही एकदा हसला होतात. कशाला हसलात ते गेलं. कुणा आत्याचं काहीतरी होतं. नुसतं हसू आठवतं.

निघताना ती दारापर्यंत आली. ‘हे रेकॉर्ड करायचंय,’ म्हणाली. ‘फिल्ममध्ये लावायला. आईचा तो आवाज काढून.’

‘तो काढू नकोस. तेवढाच आहे गं तिचा.’

‘तो तिचा नाहीये.’

‘श्वास तरी तिचा आहे.’

‘बघू,’ ती म्हणाली. पुढे तिनं तो काढला नाही. तुमची दोन मिनिटं तशीच आहेत, ‘म’सकट. त्याच्यापुढे चित्र नाही, कारण त्या बावीस मिनिटांचं चित्र उरलेलंच नाही. काळा पडदा, आणि त्यावर हर्षलाचा आवाज लागायचा होता.

गेल्या शनिवारी तो भरला. खिडक्या झाकल्या, श्रावणीला व्हरांड्यात उभी केली. हर्षलानं वडिलांचा फोन आणला होता; माझा घेतला नाही. वायरही स्वतःची. मी बाजूच्या बाकावर बसले, तिला काही अडलं तर सांगायला. तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, ‘मना…’

कुठंही अडली नाही. जिथं मला आठवत नव्हतं तिथं ती नुसती थांबली, थोडा वेळ, आणि पुढचं बोलू लागली. संपलं तेव्हा मी फोन बंद करायला हात पुढे केला. तिनं न बघता तळहात वर केला.

‘थोरा थांबा,’ ती मला म्हणाली. आणि मग फोनकडे वळून, ‘आये…’

ती तुमच्याशी बोलू लागली होती. मी उठले. चपला हातात घेतल्या, आवाज होऊ नये म्हणून, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. श्रावणीनं खुणेनं विचारलं, झालं का? मी मान हलवली, नाही. आम्ही दोघी व्हरांड्यात उभ्या राहिलो. आतून बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. या वेळी मी कान दिला नाही.

तिनं मला माफ केलंय का, मला माहीत नाही. तिनं तसं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. तुमच्याकडे माफी मागायचा तर अधिकारच मी गमावला. जे मोडलं ते माझ्या हातानं मोडलं, आणि जेवढं जोडलं गेलं ते तुमच्या लेकीनं जोडलं. तुम्ही मला त्या दुपारी बावीस मिनिटं दिलीत, याबद्दल तुमचे उपकार मानायचेही राहून गेले.

काळ्या पडद्यावरचा भाग तिनं फिल्मला जोडला. ‘आये’च्या पुढचं मात्र त्यात नाही. ते तिनं बरोबर जागेवर कापलंय, अर्धा आवाजसुद्धा शिल्लक नाही. ती फाइल तिनं तीन ठिकाणी ठेवली आहे, असं श्रावणीकडून कळलं. त्यांतलं एकही ठिकाण माझ्याकडे नाही.